वरच्या खोलीचा उंबरा

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर नवसाबाईंच्या सातपूरच्या घरावर दोन खोल्या चढल्या आणि बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. वीस वर्षं शेवंतीच्या पाट्या बाजारात नेणारी बाई घरमालकीण होणार, ही काय साधी गोष्ट झाली? पण याच हौसेपायी दोन बिऱ्हाडं जिन्यावरून परत गेली. खोली बघायला आलेल्यांना बाई चहा-पोहे द्यायच्या आणि कॉट कुठे टाकायची, देव कुठे मांडायचे, तेही ठरवून टाकायच्या. "ही बाई रोज घरात येऊन बसंल," असं दुसऱ्या बिऱ्हाडातली बाई जिन्यातच आपल्या नवऱ्याला म्हणाली, ते खाली नवसाबाईंच्या नवऱ्याने, सावळीरामांनी ऐकलं.

"आता हे तिसरं बिऱ्हाड गेलं, तर खोल्यांना मीच कुलूप घालतो," त्यांनी बायकोला बजावलं. "सारखं सारखं वर जायचं नाय."

तिसरं बिऱ्हाड आलं. दिनेश जवळच्याच कारखान्यात नुकता कायम झालेला, बायको पल्लवी पहिल्यांदाच येवल्याच्या सासरहून बाहेर पडलेली. सामान चढत होतं तेवढा वेळ नवसाबाई ओट्यावर हात बांधून बसल्या. निर्जळी एकादशी सोपी, पण हे बसणं अवघड!

सकाळी दिनेश पहिल्या पाळीला गेलेला दिसला आणि बाईंना राहवलं नाही. नव्या घराचं दार कोरं कसं ठेवायचं? तांब्याभर पाणी नि रांगोळी घेऊन त्या वर गेल्या. सडा शिंपडला, उंबऱ्यापुढे हातभर कमळ काढलं आणि स्वतःच्याच हातावर खूश होऊन मागे सरकल्या.

तेवढ्यात दार उघडलं. पल्लवीच्या हातात रांगोळीची नवी डबी होती. खाली बघून ती तशीच उभी राहिली.

"काय गं, आवडली नाय?"

"लय छान हाय, मावशी. पण लग्नाला सहा वर्षं झाली. तिकडं सासूबाई काढायच्या, आता मोठ्या जाऊबाई काढतात. मला वाटलं, आज तरी..."

नवसाबाईंना वाटलं, हेही बिऱ्हाड गेलं! पण पोरीचं तोंड बघून त्यांना खोलीपेक्षा तिचंच वाईट वाटलं. तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी आपल्या कमळावर ओतलं, हाताने जागा पुसून काढली.

"काढ तू."

पल्लवी बसली. ठिपके वाकडे, रेघ जाड, एक पाकळी तर थेट जिन्याकडे निघालेली. नवसाबाईंचे हात शिवशिवले. ते त्यांनी पदराखाली घेतले आणि चटाचटा जिना उतरल्या.

खाली सावळीराम काळजीत उभे होते. "काय केलंस? जाते का ती?"

"जायला काय झालंय! अहो, तिचं घर झालं ते!" नवसाबाई म्हणाल्या, आणि नवरा थांबवेपर्यंत त्यांनी ही बातमी गल्लीत तीन दारी सांगूनही टाकली.