वर नेणारा जिना

मित्रांनो, मी एक जुना सरकता जिना आहे. आता मी सरकत नाही, पण नाव तेवढे चिकटून राहिले आहे.

शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्या, तेव्हा तिथे एक दुमजली शॉपिंग सेंटर उभे राहिले आणि त्याच्या ऐन मध्यावर मला बसवले. माझे काम एकच, माणसांना वर नेणे. उतरायला शेजारी साधा जिना होता. उद्घाटनाच्या दिवशी माझ्यावर पाय ठेवायला झुंबड उडाली होती. कुणी डोळे मिटून पहिली पायरी गाठली, तर एका आजोबांनी चक्क चपला काढून हातात घेतल्या. मुले वर पोचली की धावत उतरून पुन्हा रांगेत उभी राहत. मला तर आकाश ठेंगणे झाले होते.

वर, माझ्या टोकाशीच, शिवणवाल्या मावशींचे दुकान होते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, उसवलेले शिवून देणे ही त्यांची कामे. नवरा गेल्यावर त्यांनी घरातले लोखंडी पायांचे मशीन इथे आणले आणि त्याच्या जोरावर मुलीला वाढवले. त्यांची बहुतेक गिऱ्हाइके म्हातारी, गुडघे धरून चालणारी. माझ्यावाचून त्यांचे अडे आणि त्यांच्यावाचून मावशींचे.

मग हमरस्त्यावर याहून मोठे सेंटर झाले. आमच्याकडची दुकाने एकेक करून शटर ओढू लागली. विजेच्या बिलाने व्यवस्थापक साहेब हैराण झाले आणि त्यांनी फर्मान काढले, "वर गिऱ्हाईक असेल तरच जिना चालू करायचा."

मावशी कठड्यावरून म्हणाल्या, "अहो साहेब, जिना चालला तर गिऱ्हाईक वर येईल ना!"

"आधी गिऱ्हाईक तर दाखवा मावशी, मग बघू."

साहेब हे अगदी मनापासून म्हणाले. माझा मात्र नुसता जळफळाट झाला.

किल्ली रखवालदाराकडे असे. सांगितले तर तो मला चालू करी. पण आपल्या एकट्यासाठी एवढे धूड हलवायला सांगायचे लोकांना अवघड वाटे. माझ्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच, बंद असताना चढायच्या तर दम लागतो; आणि शेजारचा साधा जिनाही दुखऱ्या गुडघ्यांना झेपत नसे. कापडाची पिशवी घेतलेल्या एक आजी माझ्यापाशी येत, मान वर करून बघत आणि मागे फिरत. मावशी वरून ओरडत, "आजी, थांबा! दादा, जिना लावा हो!" नेमका तेव्हा रखवालदार चहाला गेलेला असे. तो येईपर्यंत आजी रस्त्याला लागलेल्या असत.

उभा राहून राहून माझ्या साखळ्या आखडल्या, हाताने धरायचा पट्टा भेगाळला. "हा वापरून नाही, बसून बसून बिघडतोय," असे माझी देखभाल करणारा मेकॅनिक साहेबांना सांगे. साहेब मान डोलवत आणि फोन घेत.

शेवटी मावशींनी दुकान आवरायला घेतले. ते जड मशीन बघून मेकॅनिक म्हणाला, "थांबा मावशी, जिना लावतो."

"अरे, हा वर जाणारा आहे. मला खाली जायचंय."

"किल्ली उलटी फिरवली की उतरतो हा. कुणी कधी फिरवलीच नाही."

त्याने मला तेल घातले. रखवालदाराने आणि त्याने मिळून मशीन माझ्यावर ठेवले, मावशी ते धरून उभ्या राहिल्या आणि मी जन्मात पहिल्यांदा उलटा फिरलो. कुरकुरत, थरथरत उतरलो. ज्यांच्याकडे माणसे पोचवायची, त्यांनाच मी खाली सोडून आलो. इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

खाली पोचल्यावर मावशींनी माझ्या पट्ट्यावरून हात फिरवला. "चांगला चालतोय की रे अजून," त्या म्हणाल्या. मेकॅनिकने खाली मान घालून किल्ली काढून घेतली.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादे वाचनालय, एखादी बाग किंवा माझ्यासारखा जिना बंद दिसला, तर लाजून मागे फिरू नका. उघडा म्हणून सांगा, चालू करा म्हणून सांगा. खालून कुणी हक्काने "जिना लावा" म्हटले असते, तर मी आजही मावशींकडे माणसे नेत राहिलो असतो.