तोरणाखालची मोटार

ब्राह्मणपुरीच्या वेशीत पोळ्याचं तोरण बांधून झालं, ढोल घुमू लागला, आणि गिरधर पाटलाची जुनी मोटार जागची हलेना.

गेल्या पोळ्यालाही ती अशीच रुसली होती. घरच्या बैलांनी तिला तोरणाखालून ओढून नेलं आणि अख्खं गाव पोट धरून हसलं. तेव्हा बन्सीलालबापूंनी लेकाला बजावलं होतं, "पुढला पोळाले सोताना पायवर गई तर ऱ्हाई. नही तर दुसरा दिन इकी टाकसु." मोटार विकली जाऊ नये म्हणून गिरधरने वर्षभर तिच्यासाठी हाडाची काडं केली. काल संध्याकाळी तर ती शहाद्याहून वाऱ्यासारखी आली होती!

आज हॉर्नसुद्धा मुका. हँडल मारून मारून गिरधरचा सदरा भिजला. बॅटरीच्या दोन टोकांना तार टेकवली तर ठिणगी लख्ख उडाली. बॅटरी ठणठणीत होती, मग घोडं अडलं कुठे?

"गिरधर, पुरणपोळी दिधी का तिले?" मागे आपली सजवलेली जोडी धरून जालमसिंग उभा होता. "उपाशी शे बिचारी!"

हशा पिकला. बापू हसले नाहीत. "बैल लई या रे," एवढंच म्हणाले.

वेशीजवळच्या ओट्यावर सासूच्या, पार्वतीबाईंच्या, मागे गिरधरची बायको रंजना ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिची नजर मोटारीच्या उघड्या फळीकडे गेली. काल रात्री बैलांची शिंगं रंगवून लाल रंगाचा अर्धा डबा उरला होता. बॅटरीत पाणी घालायला गिरधरने मोटारीतली पायाखालची फळी काढून ठेवलेली. रंजनाला वाटलं, शिंगांना रंग, मग मोटारीनेच काय घोडं मारलंय? बॅटरीपासून निघून गाडीच्या सांगाड्याला पेचाने आवळलेली तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी तिथे होती. ती सोडून तिने चिंचेने लखलखीत घासली, खालच्या लोखंडावर रंगाचे दोन हात दिले, सुकल्यावर वेणी परत आवळली. केवढं समाधान वाटलं होतं!

आणि आत्ता तिला नवऱ्याचं बोलणं आठवलं. वीज बॅटरीतून तारेने जाते, पण परत येते गाडीच्या लोखंडातून. ही वेणी म्हणजे तिची परतीची वाट. लोखंडाला उघडी भिडली पाहिजे. तेव्हा तिने नुसतं "हं" केलं होतं.

वाट तर तिनेच बुजवली होती!

"सासूबाई, त्यास्ले सांगा ना, वेणीखालना रंग खरडा..." ती पुटपुटली. ढोलात सासूला काही ऐकू गेलं नाही. तिकडे मोटारीला दोर बांधलाही. सासऱ्यांसमोर, बापूंसमोर, तिने लग्नानंतरच्या तीन वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. पिठोरीचा उपास होता. मनात देवीला हात जोडले, ताट सासूच्या हाती दिलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि ती थेट गर्दीत उतरली.

ढोल थांबला.

"अवं, काय करी ऱ्हायनी तू?" गिरधर चपापला.

"वेणी सोडा. खाले रंग शे. मीच दिधा."

गिरधरने एकदा तिच्याकडे, एकदा फळीखाली पाहिलं आणि कपाळावर हात मारून पाना उचलला. वेणी सुटली. रंजनाने कानस घेतली आणि दात-ओठ खात घासू लागली. लाल भुकटी उडाली, पदर माखला, हात भरून आले; खालून पांढरंफेक लोखंड उघडं पडलं. गिरधरने पेच करकचून आवळला.

"वाजाड हॉर्न!"

तिनेच दाबला. असा भोंगा वाजला की जालमसिंगचे बैल उधळले आणि तो स्वतः चिखलात बसला! खटका दाबताच इंजिन धडधडलं. लोकांनी दोर तोडला की सोडला, कोणाला कळलं नाही. आंब्याची पानं टपावर घसटत मोटार तोरणाखालून गेली, आणि पोरंसोरं, म्हातारे, ढोलवाले सगळे आरडाओरडा करत तिच्यामागे धावले.

बापूंनी सुनेकडे पाहिलं नाही. बायकोकडे वळून म्हणाले, "सूनले सांग, पुढला पोळाले वरतून रंग दे. खाले नको."