बिजल्याची समाधी

घरात माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की चुलते आप्पासाहेब म्हणायचे, "इतकी शिकली आन् शेवटी हाडकं येचायला लागली." मी पुण्यात उत्खननात सापडलेली हाडं आणि जबडे बघून ते कुठल्या जनावराचे, किती वयाचे, हे सांगते. घराण्याला त्याचा उपयोग शून्य, म्हणून अभिमानही शून्य. यंदा मात्र चुलतभाऊ रणजितचा फोन आला, "उत्कर्षाताई, ये की लासुर्ण्याला. तुझ्याच लाइनीचं काम हाय."

त्याला बिजल्याची समाधी हलवायची होती. बिजल्या हा आमचा शर्यतीचा खिलार बैल. तो गेला तेव्हा शर्यतींवर बंदी होती. आता त्या पुन्हा सुरू झाल्यात आणि रणजितला बैलांचा नाद लागलाय. समाधी उसाच्या आड पडली, कुणाला दिसत नाही. ती डांबरी रस्त्यालगत आणायची, वर काचेच्या पेटीत बिजल्याची कवटी ठेवायची आणि मोडकीतोडकी हाडं मी जुळवायची. "मेलेल्याला उकरू नये," आप्पा म्हणत राहिले, पण पोराच्या हौसेपुढे बापाचं काय चालतं?

खणायला भीमातात्या होता. पूर्वी आमचा गोठा तोच सांभाळायचा. बिजल्याला वासरापासून त्यानंच वाढवलं. एका संध्याकाळी बैलाला वैरण टाकून तो आप्पांच्या कामासाठी बारामतीला गेला आणि सकाळी परत आला तर बैल पुरलेला. वैरणीत कोवळी ज्वारी आली, ती बाधली, असं आप्पांनी सांगितलं. कोवळी ज्वारी जनावराला विष असते हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं, आणि वैरण भीमातात्यानंच कापलेली. आप्पांनी चारचौघांत त्याला माफ केलं. त्यांच्या मोठ्या मनाची गावभर वाहवा झाली.

तेव्हापासून भीमातात्यानं कुठल्या जनावरापुढं काडी टाकली नाही. दिवसभर उसाला पाणी द्यायचा, दिवेलागणीला समाधीवर पणती लावायचा. नातीला भरव म्हटलं तरी हात मागं घ्यायचा. "ह्या हाताचं नगं," म्हणायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याला कुणी समजावत नाही म्हणून गावाचा त्याहून जास्त.

आप्पा बाजूला खुर्ची टाकून बघत बसले होते. कवटी निघाली. भीमातात्यानं ती धोतराच्या सोग्यानं पुसली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली.

हातात घेताच मला कळलं, तरी मी दोनदा बघितली. शिंगं करवतीनं बुडाशी कापलेली होती. खिलाराच्या शिंगाचं बूड गोल असतं. हे चपटं, तीन कडांचं होतं. खिलाराचं कपाळ लांबट, मधोमध खोलगट; हे चांगलं फुगीर होतं. मग जबडा घेतला. दाढा घासून पार सपाट झालेल्या. बिजल्या गेला तेव्हा सहादाती होता, ऐन उमेदीतला.

"ही म्हैस आहे," मी म्हणाले. "म्हातारी म्हैस. हा बिजल्या नाही."

रणजित हसला. "गप की ताई. कवटीवर लिव्हलंय का म्हैस म्हणून? काचंत ठिवली की बैलच दिसंल."

मी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. "आप्पा, बिजल्या कुठाय?"

आप्पा बसल्या खुर्चीतून हलले नाहीत. शरम वाटली असेल तर ती दिसली नाही. "लंगडा झाला व्हता," ते म्हणाले. "शर्यती बंद. नुसता उभा करून किती दिस खाऊ घालायचा? आन् ज्याची वाजतगाजत मिरवणूक काढली, त्यो गावादेखत इकायचा व्हय? राती यापाऱ्याच्या गाडीत घातला. शेजारच्या कळंबात एक म्हस मेली व्हती, ती आणून हितं पुरली."

"पुढं काय केलं त्याचं?"

"त्ये मी इचारलं न्हाय."

लंगडा बैल व्यापारी कशाला घेतो, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण मला त्या क्षणी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? मी भीमातात्याकडं वळले. "तात्या, ऐकलंत? तुमच्या हातून काही झालं नव्हतं. वैरण चांगली होती." आता हा आप्पांना शिव्या घालेल, निदान रडेल तरी, म्हणून मी वाट बघत राहिले.

भीमातात्या आपल्या हातांकडं बघत होता.

"मालक," तो म्हणाला, "माझ्याबिगर त्यो कुठल्या गाडीत चढायचा न्हाय. चौघांनी वढला तरी फळीवर पाय ठिवायचा न्हाय. कसा चढवला?"

आप्पांनी नजर उसाकडं वळवली.

"सोडा की आता, तात्या," रणजित म्हणाला.

"कसा चढवला?"

"तुझी घोंगडी व्हती गोठ्यात," आप्पा म्हणाले. "ती फुडं धरली. वास घेत घेत चढला."

भीमातात्या खड्ड्याच्या काठावर खाली बसला. म्हशीची कवटी अजून माझ्याच हातात होती. ती कुठं ठेवावी, मला कळेना.

"म्हंजे माझ्याच मागं गेला त्यो," तो म्हणाला.