भिंतीवर न गेलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे; पण फोटोची नव्हे, कागद करण्याची. चार लाकडी पट्ट्या आणि मध्ये ताणलेली बारीक जाळी, एवढाच माझा देह. फाटके कपडे भिजवून, कुटून केलेल्या लगद्यात मला बुडवतात आणि आडवं उचलतात. पाणी गळून जातं. वर राहतो तो कागद.

सुताराने मला घडवलं ते चित्रकलेच्या एका बाईंसाठी. निवृत्तीनंतर त्या घरातल्या मागच्या खोलीत एकट्याच चित्रपट करू लागल्या. माझ्यावरच्या कागदातून माणसं कापायची, सांधे दोऱ्याने जोडायचे, काचेवर ठेवून केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं. दिवसभर राबलं की पडद्यावरचं माणूस जेमतेम खुर्चीतून उठे.

"वेड लागलंय तुला," त्यांची बहीण म्हणे.

"लागू दे. तुझं शहाणपण बघायला तरी कोण येतंय?"

बाईंचा डावा खांदा दुखरा. मला उचलताना तो हात हटकून खाली राही आणि लगदा तिकडे सरके. त्यामुळे त्यांचा प्रत्येक कागद एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. जाड भागातून त्या पाय कापत, पातळ भागातून मान. त्यांची माणसं पाय रोवून उभी राहत, मान मात्र थरथरे. लोक त्या थरथरीवर जीव टाकत. श्रेय खांद्याचं होतं, थोडं माझंही.

शेवटचा चित्रपट त्यांच्या आईवर होता. म्हातारी घर सोडून निघते. ती दारापर्यंत आली आणि बाईच गेल्या.

वर्षभर मी कपाटामागे पडून होते. जाळी कोपऱ्यात उसवली, तिथे कोळ्याने संसार थाटला. मग एक दिवस बाईंचा मुलगा आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाला, "ताई, हिला पॉलिश करून आईचा फोटो बसवू. हॉलमध्ये छान दिसेल."

मित्रांनो, मला रडू आलं नाही, संताप आला. जिच्यातून टाक्याच्या टाक्या पाणी गेलं, तिच्यावर काच ठोकणार!

"चित्रपट अर्धा आहे," ताई म्हणाली. "म्हातारीची कागदी बाहुली फाटलीय. नवा कागद लागेल."

"कॉम्प्युटरवर करून घेऊ की. कुणाला कळणार आहे?"

"मला."

तिने माझी जाळी शिवली. लगदा कुटला. आईसारखा कागद यावा म्हणून डावा हात मुद्दाम खाली ठेवला. तीनदा कागद सोडवताना फाटला. चौथ्यांदा तिने मला स्वतःच्या हाताच्या सवयीने, सरळ उचललं. कागद सपाट आला. त्यातून तिने नवी म्हातारी कापली आणि दाराबाहेर काढली.

भाऊ पडद्याकडे बघत होता. "इथे म्हातारी एकदम बदलते गं. मान ताठ झाली. चूक दिसतेय."

"चूक नाही ती. इथे आई गेली."

"मग ते झाकायला नको?"

"का झाकायचं?"

तो खुर्ची पुढे ओढून बसला. मग म्हणाला, "पुन्हा लाव."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शिकवतात. जपा, पण काचेआड नको. जाळी उसवली तर शिवा, पट्टी सुटली तर खिळा ठोका आणि मला पाण्यात घाला. कुजेन म्हणता? कुजेन. पण भिजत कुजेन.