पुढे देता येईल

चौसाळ्याजवळच्या एका कॉलेजात करिष्मा जैवतंत्रज्ञान शिकवत होती. तासिका तत्त्वावर, पाचवं वर्ष. विभागात डीएनएच्या बारीकशा तुकड्याच्या लाखो प्रती काढणारं एक मशीन होतं. पण त्याला लागणारं एन्झाइम संस्था कधी विकत घेत नव्हती. दोन वर्षं मशीन प्लास्टिकच्या खोळीत बसून होतं.

शेवटी करिष्मानं जिवाणूंच्या एका खुल्या संग्रहाला ईमेल केला. तिकडून छोटी बाटली आली. आत निरुपद्रवी जिवाणू होते, तेच एन्झाइम तयार करणारे. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं : हे कुणालाही वापरता येईल, वाढवता येईल, पुढे देता येईल. तिनं जिवाणूंचं कल्चर वाढवलं, मुलांच्या हातून त्यातून एन्झाइम काढून घेतलं. मार्चमध्ये जेलवर डीएनएचा पहिला पट्टा चमकला तेव्हा संस्कृती नावाची पोरगी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. करिष्मानं जिवाणूंची एक नळी लगेच केजच्या कॉलेजातल्या सुरेखा मॅडमना दिली. सिरसाळ्याच्या सोमेश्वर सरांनीही मागितली होती. एप्रिलच्या शेवटी न्यायला येतो म्हणाले होते.

त्याआधीच संस्थेचे अध्यक्ष गहिनीनाथआण्णा विभागात आले. जमीन मोठी, राजकारण मोठं. बोलणं मात्र हळू.

"हे बाहेर इकत घ्यावं लागतं म्हणं?"

"हो आण्णा. आता आपण इथंच बनवतो."

"मग कंपनी काढू. आजपासून कुणाला द्यायचं न्हाई."

"पण ते आपलं नाही, आण्णा. आपल्यालाही तसंच मिळालंय. ते सगळ्यांसाठी..."

"फ्रीज कुणाचा हाय?"

करिष्मानं नळ्या ठेवलेल्या फ्रीजकडं पाहिलं.

"लाईट कुणाची?"

क्लार्क अभिमन्यूनं टाईप केलेला कागद पुढं ठेवला. संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही जैविक साहित्य बाहेर देणार नाही. आण्णा उठता उठता म्हणाले, "जूनला तुझं काम पक्कं करायचं हाय, पोरी. तुझ्या आईलाबी बोललोय मी."

त्याच शब्दावर तिची आई, वत्सलाबाई, यंदा ऊसतोडीला गेली नव्हती. हे करिष्माला ठाऊक होतं, आण्णांनाही.

स्टाफरूममध्ये बसून तिनं संग्रहाचं पत्र पुन्हा वाचलं. कुठंतरी आधार सापडेल असं वाटत होतं. 'देता येईल' असं होतं. 'द्यावंच लागेल' असं कुठंच नव्हतं. ज्याच्याकडे आहे त्यानं मूठ मिटली तर ती उघडायला लावणारं एक अक्षर त्यात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं सही केली. दुपारी फ्रीजला साखळी आणि कुलूप लागलं.

सोमेश्वर सर ठरल्याप्रमाणे आले. गाडी बदलून, घामाघूम, हातात बर्फ भरलेला थर्मास. करिष्मानं त्यांना व्हरांड्यातच गाठलं. अभिमन्यू दारात खुर्ची टाकून बसला होता.

"कल्चर मेलं, सर," ती म्हणाली. "दोन दिवस लाईट नव्हती."

"समदं?"

"सगळं."

"आसं व्हतंय वो मॅडम. तुमी मनाला लावून घेऊ नका." चहा घेऊन ते तसेच परत गेले. ते समजूत घालत होते तेव्हा तिला त्यांच्याकडं बघवेना.

चार दिवसांनी ते पुन्हा आले.

"केजला गेलतो. सुरेखा मॅडमकडून दोन नळ्या आणल्या. एक माझी, एक तुमची." त्यांनी थर्मास उघडून गार नळी तिच्या हातात ठेवली. "तुमच्यामुळं तर हे इकडं आलं. तुमच्याकडंच नसावं, हे बरं दिसत न्हाई."

नळी हातात धरून करिष्मा उभी राहिली. फ्रीजमध्ये ठेवली की ती आण्णांची झाली. घरी फ्रीज नव्हता; पत्र्याखाली, बेचाळीस अंशांत ते जिवाणू किती दिवस काढतील याची खात्री नव्हती. आणि समोरचा माणूस तिच्या तोंडाकडं बघत होता, ती खूश होईल म्हणून.

"सर, माझं मेलेलं नाही," ती हळू म्हणाली. "आत आहे. कुलपात. आणि कागदावर माझी सही आहे."

सोमेश्वर सरांनी थर्मास खाली ठेवला.

"मग मला खोटं कावून सांगितलं?"

"जूनला माझी पक्की ऑर्डर..."

"खरं सांगितलं आसतं तर मी काय आण्णांकडं जाणार व्हतो का?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "पोरांचे चार दिवस गेले, मॅडम."

तिनं नळी परत केली. "ही तुमच्याकडं राहू द्या. कुणी मागितलं तर द्या. माझं नाव मात्र कुठं घेऊ नका."

त्यांनी नळी थर्मासात ठेवली, झाकण फिरवलं आणि चहा न घेता निघून गेले.

सिरसाळ्याचं प्रॅक्टिकल झालं. पावसाळ्यापर्यंत आणखी तीन कॉलेजांनी तिथून नळ्या नेल्या. आण्णांची कंपनी काही निघाली नाही. कुलूप मात्र राहिलं. जूनमध्ये करिष्माला ऑर्डर आली, पुन्हा तासिकेचीच. "फुडच्या वर्षी बघू," आण्णा म्हणाले. वत्सलाबाईनं ऊसतोडीच्या मुकादमाला निरोप धाडला, पुढच्या हंगामाला येते म्हणून.

जुलैत माजलगावहून एका नव्या शिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, ते कल्चर तुमच्याकडे मिळतं ना?"

"माझ्याकडे नाही," करिष्मा म्हणाली. तिनं सोमेश्वर सरांचा नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश, आणि पलीकडची दुसऱ्यांदा आभार मानत असतानाच फोन ठेवला. अभिमन्यू दारात आला होता.