धावपट्टीवरचे तांबडे रोप

अंगठ्याच्या नखाखालची ती काळी रेघ अजून गेली नव्हती — बांबूच्या काडीने कोरून झाले, ओढ्याच्या पाण्यात घासून झाले, तरी तिथेच. आणि खरे म्हणजे या गावात माती नसलेले नख कुणाचे होते? पण तायाबेला वाटत होते की ही माती वेगळी ओळखू येते, वरच्या वाफ्यातली, आईच्या वाफ्यातली, राखेने काळी झालेली, भुसभुशीत... धावपट्टीची सगळी माती पिवळी. कुणी नीट पाहिले तर... पण नखांकडे कोण पाहतो आज? आज विमान येणार.

विमान येणार! साठीला आलेला माणूस मी, पोराटोरांसारखा पहाटेपासून जागा काय, तीनदा पुरुषांच्या घराबाहेर येऊन आभाळ काय पाहतो... नऊ वर्षे या डोंगराच्या खांद्यावर सगळ्या गावाने कुदळी चालवल्या होत्या, हातात हात गुंफून, गाणी म्हणत, नाचत ती माती पायांनी चोपली होती, आणि त्या पायांत तायाबेचे पाय कधी चुकले नव्हते. साडेचारशे पावले. ती त्याने किती वेळा मोजली असतील! सूर्य सुरूच्या झाडांवर आला की येणार, मिशनच्या रेडिओवर निरोप आला होता. एकदा खाली येऊन पट्टी पाहणार; ठीक वाटली तर उतरणार, नाहीतर वळून जाणार — आणि मग पुन्हा केव्हा, ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि पट्टीच्या वरच्या टोकाला, बरोबर मधोमध, कमरेइतके ते रोप. तांबड्या पानांचे. तांगेत — जमिनीवर हक्क सांगणारे, हद्दीचे रोप.

"डेल्माच्या बापा, बसलास काय असा अंड्यांवर बसल्यासारखा?" त्याची बायको वान्डोमे डुकरिणीला दोरीने ओढत आली. आज सगळ्या गावची डुकरे बांधायची होती. "त्या टिगुआंनी रोप काढलं का?"

"नाही अजून."

"मेले! ओढ्यापलीकडे बसून आपल्या विमानावर जळतात. मीच जाऊन उपटते आणि त्यांच्या नाकात घालते."

"हात लावू नकोस!"

तो इतक्या मोठ्याने ओरडला की डुकरीणसुद्धा थांबली. वान्डोमेने त्याच्याकडे पाहिले. तेवीस वर्षांत हा माणूस असा ओरडला नव्हता.

"बोलायची रीत असते रे. मला काय कळत नाही? पोरीचे दिवस भरत आलेत, मी कशाला हात लावते?"

ज्याने लावले त्यानेच काढायचे. दुसऱ्याने हात लावला की घरात सूज शिरते, डुकरे मरतात, पोटातली पोरे... हे सांगायला लागत नाही. म्हणून तर तीन दिवस सगळे गाव त्या रोपाभोवती लांबून फिरत होते, आणि तरुण पोरे बाणांची टोके घासत बसली होती — विमान परत गेले तर टिगुआंना दाखवू म्हणून. टिगुआ कुळाचा म्हातारा काल स्वतः ओढा ओलांडून आला, आईच्या हाडांची शपथ घेऊन म्हणाला, आमचे नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. तायाबेने ठेवला. त्याला ठेवावाच लागला.

पण मी ते मुद्दाम... नाही, मुद्दामच. पण तसे नाही. कसे सांगायचे? पट्टी वाढवण्यासाठी गावाची बैठक झाली, तिच्या आधी दोन दिवस तो मनात भाषण जुळवत होता. पट्टी वरच्या बाजूला ऐंशी पावले वाढवायची, म्हणजे आपला वाफा जाणार, हे त्याला कळले होते. आणि तो देणारच होता. आधी आईचे सांगायचे, तिने तो उतार एकटीने कसा फोडला ते, मग जरा थांबायचे, आणि मग म्हणायचे — घ्या. शब्द अगदी ओठांशी आणून ठेवले होते. आणि त्याचा चुलतभाऊ पुपुली, सगळ्या कामाचा म्होरक्या, हसत म्हणाला, "तो तायाबेदादाचा वाफा. दादाचं काय, दादा कधी नाही म्हणतो?" सगळे हसले. प्रेमाने हसले. तोही हसला. आणि लगेच दगड कुणी वाहायचे यावर बोलणे सुरू झाले.

एवढेच. इतक्या लहान गोष्टीवरून माणूस काही करतो का? पण वाफा चोपून सपाट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या धुक्यात, रोप आणि मूठभर जुनी काळी माती घेऊन तो तिथे गेला. आपल्या जमिनीच्या कडेला लावू, नुसती खूण, आईसाठी... पण कड उरलीच नव्हती. धुक्यात तो चालत राहिला, पाय थांबले तिथे त्याने खड्डा केला. सूर्य वर आला तेव्हा रोप पट्टीच्या मधोमध उभे. मला ठाऊक नव्हते. पायांना ठाऊक होते की काय?

पहिल्या दिवशी लाजेने तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशी भीतीने. आणि आज... आज तर तोंड आनंदानेच बंद होत नव्हते, आणि तरी ते एक वाक्य बाहेर येत नव्हते.

पट्टीच्या दोन्ही कडांना माणसेच माणसे. तांदळाची पांढरी पोती खुणेसाठी अंथरलेली, वारा कळावा म्हणून ओल्या गवताचा धूर. ओढ्यापलीकडे टिगुआही रांगेने उभे. डेल्मा कडेला जाळीच्या झोळीवर पाय पसरून बसली होती. पाय सुजून घोटे नाहीसे झालेले. फिरती नर्स मागच्या खेपेला म्हणाली होती, ह्या वेळी कळा सुरू व्हायच्या आत इस्पितळात. डेल्माशेजारी म्हातारी काईमेआत्या.

"काय गं, विमान रताळी खातं का?"

"नाही आत्ये, तेल पितं."

"बरं झालं. आपल्या वाट्याची वाचली. आणि हगतं कुठं?"

डेल्मा हसता हसता पोट धरू लागली. तायाबे तिच्याजवळ उकिडवा बसला.

"बाबा, ते रोप वरून दिसेल?"

"दिसेल."

"मग?"

"मग उतरणार नाही."

तिने सुजलेला पाय जवळ ओढला. "मागच्या वेळी, तुम्ही सगळे मला झोळीतून नेत होतात ना... बाळ दुसऱ्या पुलापाशीच गेलं होतं. मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पुढचा बांबू खांद्यावर घेऊन इतका पळत होतास. म्हटलं, सांगितलं तर थांबशील."

इस्पितळाची अडीच दिवसांची ती वाट... खांदा सोलून निघालेला, आणि मी मागे न बघता म्हणत होतो, आलं हं पोरी, आलंच... आणि ती सगळे जाणून मागे गप्प. माझीच पोर. माझ्यासारखीच गप्प.

तेवढ्यात घोंगावल्यासारखा आवाज आला. आधी पोरांना, मग सगळ्यांना. वरच्या कड्यावरून कुणीतरी लांब हाळी दिली, "आलं! आलं!" आणि माणसे नाचू लागली, बायका रडू लागल्या, पुपुली हात पसरून धावत सुटला, "मागे! कडेला! पट्टीवर पाय ठेवाल तर याद राखा!"

तायाबेने पट्टीवर पाय ठेवला.

आपण चालतो आहोत हे त्याला चार-पाच पावलांनी कळले. माती टणक होती, छान टणक. नऊ वर्षांचे पाय खाली लागत होते. भीती कुठली आणि आनंद कुठला ते निवडता येईना. विमान डोंगराआडून निघाले — केवढे लहान! — आणि खाली येऊन, रोपावरून, त्याच्या डोक्यावरून, कानठळ्या बसवत पुन्हा वर गेले.

"दादा! वेडा झालास? हात लावू नकोस!" पुपुली धापा टाकत पोचला. मागोमाग सगळे गाव, लांबच थांबलेले.

तायाबेने दोन्ही हातांनी बुंधा धरला होता.

"मला चालतं," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला. "मला चालतं. मी लावलंय."

विमानाची घरघर तेवढी डोंगराभोवती फिरत होती.

"तू?" पुपुली म्हणाला. "अरे माणसा, तीन दिवस आम्ही टिगुआंच्या आया काढतोय!"

"डेल्माच्या बापा!" गर्दीतून वान्डोमे किंचाळली. "पोर तुझी तिथं बसलीय आणि तू..."

"बैठकीत बोलला का नाहीस?" पुपुलीने विचारले. आता तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते.

"तू विचारलंच नाहीस."

पुपुलीने आभाळाकडे पाहिले. विमान तिरके होऊन वळत होते. मग तो म्होरक्या, चार गावांत ज्याचा शब्द चाले तो माणूस, मातीत उकिडवा बसला — जमीन मागायला आलेला माणूस बसतो तसा, तळवे वर करून.

"दादा, ही तुझ्या आईची जमीन. विमानासाठी मागतो. देतोस का?"

देतो! शब्द तयार होता, तो त्या दिवसापासून तयारच होता... पण तायाबेने मान वर केली आणि त्याला दिसले की सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत आहेत. बायका, बाणवाली पोरे, ओढ्यापलीकडचे टिगुआसुद्धा, आणि लांब झोळीवरून हातांच्या आधाराने उठू पाहणारी डेल्मा. नाही म्हटले तर नाही होईल. ही जाणीव इतकी नवी होती, इतकी गरम, की तो स्वतःलाच घाबरला. विमान दुसऱ्यांदा खाली येऊ लागले होते, फार वेळ नव्हता, एका श्वासाचाही नव्हता बहुधा. हातातला बुंधा मुळाशी सैल झाला होता, आणि तरी — आधी आईचे सांगायचे, असे ठरले होते ना? आधी आईचे... त्याने तोंड उघडले, आणि तोंडात इतके काही दाटून आले की पहिला शब्द कोणता, तेच त्याला कळेना.