हौशीरामांचा अंगठा आणि मी

मी पीएचचा कागद बोलतोय. लांबीने बोटभर आणि जन्मतःच पिवळा. कावीळ नाही, आमचा वाणच तसा. आंबट पाण्यात घातलं की मी लाल होतो, चुनकट पाण्यात निळा आणि मधल्या पाण्यात हिरवा. शिक्षण एवढंच. पण खोटं बोलता येत नाही, त्यामुळे माणसांत माझं फारसं जमत नाही.

कारखान्यात आम्हा आठ भावांना रंगाच्या काढ्यात बुचकळलं, वाळवलं आणि एका चिमुकल्या पुस्तिकेत शिवलं. पुढे दोन पावसाळे नारायणगावात जवरीलाल शेठच्या खताच्या दुकानात उंदराच्या औषधाशेजारी लोंबकळलो. शेवटी वारूळवाडीच्या वृषालीने आम्हाला उचललं.

द्राक्षबाग यंदा पहिल्यांदाच तिच्या हाती आली होती. मणी फुगावेत म्हणून घड जीए नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवतात. पण बोअरचं पाणी चुनकट, त्यात ते औषध नीट काम करत नाही. म्हणून आधी ड्रममध्ये लिंबाचं सत्त्व घालायचं आणि कागद पोपटी झाला की थांबायचं. जास्त झालं तर कोवळे घड करपणार, म्हणजे वर्ष गेलं. घड बुडवायला आलेल्या बायका हातात प्लास्टिकचे मग घेऊन बांधावर बसल्या होत्या.

सासरे हौशीराम म्हणाले, कागदाचं माझ्याकडं. या गृहस्थांचा तळहात म्हणजे तंबाखूची गिरणी. चुना मळता मळताच त्यांनी माझा थोरला भाऊ फाडला, अंगठ्यासकट ड्रममध्ये बुडवला आणि चिमटीतला निळा रंग लांबूनच दाखवला. वृषालीने मापभर सत्त्व घातलं. दुसरा भाऊ निळा. तिसरा निळा. म्हातारा खूश.

"आपलं पाणी लई जिद्दीचं. घाल अजून."

सातवा भाऊ कामी आला, तेव्हा वृषालीने तो हातातून ओढूनच घेतला. निळा होता फक्त अंगठ्याचा ठसा. बाकी कागद लालभडक.

"मामा, हात दाखवा."

"भविष्य बघतीस का?"

"अंगठ्याचं बघते. पाणी न्हाई, तुमी चुना मोजताय."

बांधावरच्या बायकांतली लंकाबाई पदरात तोंड घालून म्हणाली, "बरं झालं बाई, घड बुडवलं न्हाईत. नायतर आमाला बेदाणेच तोडायला यावं लागलं असतं."

उरलो मी एकटा. वृषालीने हात धुतले, मला मधोमध फाडलं आणि अर्धा बुडवला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोलाही लाज वाटेल असा लाल झालो. तिने ड्रम ओतून दिला, नवं पाणी भरलं, बेताने सत्त्व घातलं आणि श्वास रोखून माझा दुसरा अर्धा सोडला. पोपटी. मग कुठे औषधाची बाटली उघडली.

"इथनं पुढं पाण्याचं तूच बघ," हौशीराम आभाळाकडे पाहत म्हणाले.

पोपटी अर्धा वृषालीच्या वहीत चिकटवलेला आहे, सुखात आहे. लाल अर्धा, म्हणजे मी, हौशीरामांनी पुरावा मागे नको म्हणून गुपचूप तंबाखूच्या चंचीत कोंबला. तिथे चुन्याची डबी गळते. दोन दिवसांत मी निळाशार. आता म्हातारा वारूळवाडीच्या चहाच्या टपरीवर मला नाचवून सांगतो, "बघा राव, निळाच व्हता. सुनेनं उगा ड्रम ओतला."

आणि मला तोंड नाही. तेव्हा पावणं, वारूळवाडीला कधी आलात तर माझ्यासाठी एवढं करा: येताना एक लिंबू आणा, आणि टपरीवर सगळ्यांसमोर माझ्यावर पिळा.